चार्जिंग फुल, पल्ला गुल!

मोबाइल चार्जिंगवर, स्कूटर चार्जिंगवर, कारसुद्धा चार्जिंगवर. मग विमान का नाही? घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून गणेशपुरीच्या गरम कुंडांचा वीकएण्ड प्लॅन बोंबलला की हा प्रश्न हमखास पडतो.

तर बॉस, बॅटरीवरचं विमान आहे! 'पिपिस्ट्रेल' कंपनीच्या 'वेलिस इलेक्ट्रो'ला २०२० मध्ये युरोपात सर्टिफिकेट मिळालं. सीट्स दोनच, त्यातली एक पायलटची. हवेत राहणार जेमतेम पाऊण तास. जुहू विमानतळ ते गणेशपुरी सरळ रेषेत साधारण ५० किलोमीटर, म्हणजे वीसेक मिनिटांचं काम. गणेशपुरीत धावपट्टी नाही, हा भाग वेगळा!

मग दीडशे जणांना घेऊन थेट दिल्ली का नाही? लोचा वजनाचा आहे. एक किलो विमान-इंधनात साधारण १२ हजार वॉट-अवर ऊर्जा असते, एक किलो चांगल्या लिथियम बॅटरीत अडीचशे-तीनशे. इलेक्ट्रिक मोटर ऊर्जा कमी वाया घालवते हे खरं, पण एवढी दरी त्याने भरत नाही. शिवाय इंधन जळेल तसं विमान हलकं होतं. बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढीच जड! वर राखीव ऊर्जा ठेवावीच लागते. आकाशात गाडी साइडला घेता येत नाही ना!

म्हणूनच नऊ प्रवाशांसाठी बनवलेलं 'ॲलिस' २०२२ मध्ये पहिल्यांदा उडालं ते आठ मिनिटं, आणि २०२५ मध्ये कंपनीला काम थांबवावं लागलं. स्वीडनच्या 'हार्ट एरोस्पेस'ने १९ सीट्सचा फुल-बॅटरी प्लॅन सोडून ३० सीट्सचं हायब्रिड हाती घेतलं. बॅटरीवर २०० किलोमीटर, पुढे इंधन.

म्हणजे स्वप्न खोटं नाही, छोटं आहे. मुंबई-पुणे जमू शकेल, मुंबई-दिल्ली इतक्यात नाही. १९३२ मध्ये जेआरडी टाटा कराचीहून जुहूला उतरले तेव्हा त्यांच्या छोट्याशा विमानात फक्त टपाल होतं. प्रवासी नंतर आले.

तोवर एअर टॅक्सीच्या चकचकीत घोषणा येत राहणार. २०२३ मध्ये 'इंटरग्लोब' आणि 'आर्चर' यांनी कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटांत, असं सांगितलं होतंच. अशी घोषणा वाचली की तीनच प्रश्न विचारा: सीट्स किती, किलोमीटर किती, राखीव किती? उत्तरं मिळाली नाहीत, तर शेअर्स घ्यायची घाई नको आणि तिकिटाचीही!