तो पोरगा ‘थंड’ पडलेला नाही, आपण त्याला पिळून काढलाय

स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ द्या.

माझ्याच मंडळीत उपासनेची गाणी चालवणारा, कीबोर्ड वाजवणारा पोरगा गेले पाच रविवार चर्चला आलेला नाही. नाव ना त्याचं लिहीत, ना चर्चचं. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. पंचांचं म्हणणं, “त्याचा आत्मिक उत्साह थंड झालाय, प्रार्थना करा.”

प्रार्थना कराच. पण आधी त्याचा आठवडा बघा. सहा दिवस एमआयडीसीत शिफ्ट. शनिवारी रात्री सराव. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन माइक-स्पीकर जोडायचे, उपासना संपली की वायरी गुंडाळायच्या. वर लग्नं, मयती, घरोघरच्या प्रार्थनासभा, डिसेंबरभर कॅरल. सहा वर्षांत एक रविवार सुट्टी नाही. मानधन? “देवाच्या कामाचे पैसे कसले!” (मंडपवाल्याला मात्र आपण रोख मोजतो.)

मी त्याला भेटलो. वाटलं होतं कामाचं रडगाणं गाईल. तर म्हणाला, “दादा, वाजवून नाही दमलो. दर आठवड्याला कुणीतरी यूट्यूबची लिंक टाकतं, हुबेहूब असंच पाहिजे म्हणतं. त्यांच्याकडे वीस वाजवणारे, माझ्याकडे एक तबला आणि तीन मुली. नक्कल करून करून माझ्यातलं सगळं संपलं.”

आता खरी गोष्ट. गेल्या वर्षी याच पोराने आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर स्वतः एक गाणं बांधलं होतं. पेटी, टाळ, बस. म्हाताऱ्या बायकांनी दुसऱ्या कडव्यापासून सूर धरला. सहा वर्षांत त्याचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता. उपासना सुटल्यावर निरोप आला: हे चर्चचं वाटत नाही, पुन्हा नको.

अहो, ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि नगरला राहून त्यांनी अभंगातून, भजनातून, कीर्तनातूनच ख्रिस्त गायला. आपलं ‘उपासना संगीत’ उघडा, टिळक जागोजागी भेटतील. आपले पंच तेव्हा असते तर टिळकांनाही लिंक पाठवली असती!

आणि “नवीन काहीतरी करा” म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक काम, असंही नको. रान सुद्धा आपण एखादं वर्ष पड ठेवतो.

‘सेवेत थकवा कसला’ म्हणणाऱ्यांनी नहेम्या 13 वाचावा. लेव्यांना आणि गायकांना त्यांचा वाटा मिळाला नाही, ते आपापल्या शेतावर निघून गेले. नहेम्याने जाब कुणाला विचारला? गायकांना नाही, अधिकाऱ्यांना. 1 इतिहास 25 मध्ये 288 गायक आहेत, 24 गटांत, पाळीपाळीने. त्याच पुस्तकाच्या नवव्या अध्यायात गायकांना बाकीची कामं माफ आहेत. आपण आपल्या एकुलत्या एका वाजवणाऱ्याला वायरी गुंडाळायला लावतो.

मीही यातून सुटलो नाही. गेल्या नाताळात रात्री अकराला, त्याचे डोळे मिटत असताना, “अजून एक होऊ दे रे” म्हणणारा मीच होतो.

पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. हिशेबात साउंड सिस्टीमचा आकडा येईल, टाळ्या पडतील. त्यानंतर मी ठराव मांडणार: गाणी चालवणाऱ्याला महिन्यातून एक रविवार सुट्टी, त्या दिवशी आपण नुसत्या टाळावर गाऊ. दरमहा मानधन. आणि तीन महिन्यांतून एक गाणं त्याचं स्वतःचं, पंचांची परवानगी न लागता. त्याला यातलं काही सांगितलेलं नाही, आधीच आशा लावायची नाहीये.

अनुमोदनाला कोण उठतं, बघू.