ना नवी, ना व्हिंटेज

खराडीत ईऑन आयटी पार्कच्या ट्रॅफिकमध्ये एखादी प्यूजो ३०९ दिसली, तर मोबाइल बाहेर येणारच. गाडी फ्रेंच, पण बनली आपल्या कल्याणला! प्रीमियर आणि प्यूजोने नव्वदच्या दशकात ती काढली आणि दशक संपायच्या आत प्रकल्प गुंडाळला.

आता घोळ बघा. २०२१च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी. तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, २०,००० रुपयांत १० वर्षांची नोंदणी होते. (रोज कॉलेजला न्यायची मात्र नाही हं, रॅली-प्रदर्शनापुरतीच.) ३०९ जेमतेम तिशीची, म्हणजे कायद्याला ती नुसती जुनी कार. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाला १०,००० रुपये पडतात, वर पर्यावरण कर. बाहेरून आणलेली सिट्रोएन असेल तर थेट ८०,०००!

धूर ओकणाऱ्या गाड्या हटवायलाच हव्यात. पण रोज धावणारी खटारा आणि महिन्यातून एकदा निघणारी, जपलेली गाडी यांना एकच माप? खुद्द फ्रान्समध्ये तिशी गाठलेली गाडी संग्राह्य म्हणून नोंदवता येते. आपल्याकडेही किलोमीटरची मर्यादा घालून तशी मधली पायरी करता येईल. नाहीतर पन्नाशीपर्यंत उरतील किती?