डिकीवरचा पडदा



या वेळी विषय गाडीचा आहे. आमच्याकडे हा प्रश्न वरचेवर येतो, आणि बहुतेक वेळा आजी-आजोबांकडूनच, कारण गाडी मुलगा घेतो आणि मागचं सामान आजीचं असतं. गाडीच्या डिकीत सामानावर जी फळी किंवा गुंडाळता येणारा पडदा असतो, त्याने चोरी खरोखर टळते का? की नुसती शोभा? आणि तुटला तर नवा घ्यावा, की तसंच चालवावं?

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. घ्यावा. पण तो पडदा आहे, कुलूप नाही.

मुंबईत असताना आपल्याला याची गरजच नव्हती. तिकडे गाडी म्हणजे फियाट, नाहीतर ॲम्बेसेडर. त्यांची डिकी म्हणजे लोखंडी पेटीच. वर झाकण, झाकणाला चावी, आत काय आहे ते बाहेरून दिसायची सोय नाही. (मुलांनो, ‘डिकी’ हा शब्द आपला वाटतो, पण आहे इंग्रजी. फार जुन्या मोटारींना मागे झाकण उघडून बसायची एक उघडी जागा असे, तिला इंग्रज डिकी म्हणत. ती जागा गेली, नाव आपल्या तोंडी राहिलं. तुम्ही इथे ‘बगाज’ म्हणता, तो मुळात फ्रेंच.) इस्राएलमध्ये १९६० च्या दशकात जे आले त्यांना सुसिता आठवत असेल. हैफाला बनायची, अंग फायबरग्लासचं, आणि उंट ती गाडी खातात अशी थट्टा सगळ्या देशात चालायची. तिच्या स्टेशन वॅगनचा मागचा भाग खोलीसारखा, बाजूंना काचा. आत ठेवलेली भाजी सगळ्या गल्लीला दिसायची.

आता आपल्या मुलांच्या गाड्या पाहा. पिकांटो, आय-टेन यांसारख्या लहान गाड्या असोत की मोठ्या कुटुंबाच्या उंच गाड्या असोत, बहुतेकांचं मागचं दार काचेसकट वर उघडतं. म्हणजे डिकी ही वेगळी पेटी राहिलीच नाही, ती बसायच्या खोलीचाच मागचा कोपरा झाली. म्हणून लहान गाडीत दोन दोऱ्यांनी लटकणारी फळी असते, दार उघडलं की ती आपोआप वर येते. मोठ्या गाडीत खिडकीच्या पडद्यासारखा गुंडाळणारा पडदा असतो, तो ओढून दोन खाचांत अडकवायचा. इथल्या दुकानात फळीला ‘मदाफ’ म्हणतात नि पडद्याला ‘विलोन’. घरातल्या फडताळाला आणि खिडकीच्या पडद्याला जे शब्द तेच, त्यामुळे विचारायला सोपं.

आता चोराकडे येऊ. चोर दोन तऱ्हेचे. एकाला गाडीच हवी असते. त्याला या पडद्याचं काही नाही. त्याच्यासाठी कोदानीत, म्हणजे आकडे दाबल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारी ती पेटी, आणि विमा कंपनी सांगेल ते बाकीचं. दुसऱ्याला तुमची पिशवी हवी असते. हा माणूस पार्किंगमधून सावकाश फिरतो, काचेला हात लावून आत डोकावतो आणि पुढच्या गाडीकडे जातो. काच फोडणं त्याला जड नाही, पण आवाज होतो, लोक वळून बघतात. तेव्हा फोडण्याआधी आत काहीतरी आहे अशी खात्री त्याला हवी असते. पडदा त्याची ती खात्री काढून घेतो. एवढंच त्याचं काम, पण ते लहान नाही.

मात्र एक अट आहे, आणि इथेच आपली मंडळी चुकतात. सामान झाकायचं ते घरून निघताना. समुद्रावर पोहोचल्यावर नाही! आपण काय करतो? गाडी लावली, सगळे उतरले, टॉवेल काढले, आणि मग आई आपली पर्स, बाबांचं पाकीट, मुलांचे फोन असं सगळं एका पिशवीत भरून डिकीत ठेवते, वर पडदा ओढते, आणि सगळे निवांत पाण्यात जातात. जो कोणी बाकावर बसून बघत असेल त्याला आपण सारं दाखवून दिलं की! वर हेही कळलं, की ही माणसं तास-दोन तास यायची नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं असंच झालं. मेहंदीला निघाले होते, वाटेत आश्दोदला समुद्रावर थांबले. मुलांचा हट्ट. पुढे हॉलवर कपडे बदलायचे म्हणून एक पिशवी मागच्या सीटवर होती, ती उतरल्यावर उचलून डिकीत टाकली आणि पडदा लावला. परत आले तर बाजूची काच फुटलेली, मागची सीट पुढे पाडलेली, पिशवी गेलेली. काच दुसऱ्या दिवशी बसवली. पण पिशवीत आजीची लग्नातली पांढरी साडी होती, कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून इकडे आणलेली. नवरीला दाखवायची म्हणून मुद्दाम घेतली होती. पोलिसांच्या कागदावर ती ‘जुने कपडे’ म्हणून लिहिली गेली. आजीने पुढे त्या साडीचं नाव काढलं नाही, आणि घरातलंही कोणी काढत नाही.

मागची सीट पुढे पाडलेली, हे लक्षात घ्या. आजच्या गाडीत सीटच्या पाठीला कळ असते, ती ओढली की पाठ पुढे पडते आणि पडद्याखालचं सगळं हाताशी येतं. तेव्हा जे गेलं तर पुन्हा मिळणार नाही, ते डिकीत ठेवूच नका. दागिने, पासपोर्ट, जुने फोटो, कानाचं यंत्र अंगाबरोबर. घराची किल्ली आणि पत्ता लिहिलेला कागद एकत्र तर मुळीच नको, नाहीतर चोराला आपण घरी बोलावलं असं होईल. गाडीचा सर्वसमावेशक विमा, म्हणजे बितुआख माकीफ, साधारणपणे गाडीपुरता असतो, आतल्या पिशवीपुरता नाही. आपला कागद नातवाकडून एकदा वाचून घ्यावा.

काही जण म्हणतात, पडदा उघडाच ठेवा, डिकी रिकामी आहे हे चोराला दिसू द्या. यात तथ्य आहे, आणि रिकामी असेल तर चालेल. पण आमचं मत, पडदा नेहमीच बंद ठेवावा, डिकी भरलेली असो वा रिकामी. कधी उघडा, कधी बंद असला की बंद दिसला त्या दिवशी आत काहीतरी आहे हे रोजच्या पार्किंगमध्ये बघणाऱ्याला कळतं. अर्धवट ओढलेला तर त्याहून वाईट. आणि डिकी झाकून सीटवर जाकीट, चिल्लर, फोनची वायर सोडायची, याला काय अर्थ? समोरच्या काचेवर फोनच्या स्टँडची गोल खूण राहते ना, तीही पुसा. स्टँड आतच कुठेतरी आहे असं ती सांगते.

मॉलच्या दाराशी पहारेकरी बगाज उघडायला सांगतो, तेव्हा आपण पडदा मागे सारतो. त्याने मान हलवली की घाईघाईत आत जातो, आणि पडदा तसाच राहतो. मुलांनो, हे काम तुमचं. गाडीतून उतरण्याआधी विचारायचं, ‘विलोन लावला का?’ शुक्रवारी संध्याकाळी तर गाडी रिकामीच करावी, कारण पुष्कळ घरांत शब्बाथ संपेपर्यंत तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

आता चोरी सोडून. पडद्याने ऊन अडतं, पण उष्णता अडत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उन्हात उभ्या, बंद गाडीचं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलेलं आढळलं, त्यातलं बरंचसं पहिल्या अर्ध्या तासात. खिडकी बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर ३२ असेल तर आत ५० च्या वर. पडद्याखाली ठेवलेलं इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब नि नारळाच्या दुधाचा हलवा, तिघांचंही सारखंच नुकसान. गाडीत मूल किंवा कुत्रं ठेवून जाण्याचा तर प्रश्नच येत नाही.

दुसरं, पडदा किंवा फळी म्हणजे मांडणी नव्हे. तिच्यावर छत्री, पुस्तक, हलव्याचं ताट काहीही ठेवू नका. गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असेल तर फळीवरचं पुस्तकही तितक्याच वेगाने जातंय, सेकंदाला सुमारे १४ मीटर. गाडी धडकून थांबली तरी पुस्तकाला कोण थांबवणार? ते पुढे येतं, आणि मध्ये असतं मागे बसलेल्या आजीचं डोकं. जड सामान खाली, सीटच्या पाठीला टेकून ठेवावं. गुंडाळणारा पडदा जड सामान अडवू शकत नाही, त्याला वेगळी मजबूत जाळी मिळते.

आणि बाळांनो, लपंडाव खेळताना डिकीत कधीही लपायचं नाही. पडद्याखाली कोण आहे हे जसं चोराला दिसत नाही, तसं आईलाही दिसत नाही. अमेरिकेत सप्टेंबर २००१ पासून बंद डिकीच्या नव्या गाड्यांना आतून उघडायची, अंधारात चमकणारी मूठ लावावी लागते. पण प्रत्येक गाडीत ती असतेच असं नाही.

राहिला घेण्याचा प्रश्न. प्रत्येक गाडीचा पडदा वेगळा, म्हणून कंपनी, मॉडेल आणि वर्ष लिहून घेऊन जा. नवा महाग वाटला तर जुने भाग विकणाऱ्या पेरुकिमच्या दुकानात चौकशी करा, पण पैसे देण्याआधी तिथेच बसवून पाहा. खाचा नीट बसल्या नाहीत तर वाटभर खडखड वाजेल. आणि फळीची नुसती दोरी तुटली असेल तर नवी फळी कशाला? बुटाची मजबूत नाडी दोन्हीकडे सारख्या लांबीची बांधा, तेवढ्याने भागतं.