मान वळली, चित्र मागे राहिले

आमच्या फिजिओथेरपी विभागात अर्धांगवायूच्या रुग्णांच्या व्यायामासाठी व्हीआर हेडसेट घ्यायचे घाटत आहे. प्रात्यक्षिकाला आलेला विक्रेता चित्र किती स्पष्ट दिसते, एवढेच सांगत राहिला. मी हेडसेट घातला, दोनचारदा मान वळवली आणि पाच मिनिटांत मळमळू लागले.

मान वळताच डोळे उलट दिशेला फिरून नजर स्थिर ठेवतात. आतल्या कानाच्या संदेशावरून हे साधारण 10 मिलिसेकंदांत घडते. हेडसेटमधले चित्र रेंगाळले, की कान एक सांगतो, डोळे दुसरेच. घाटातल्या एसटीत पुस्तक वाचणाऱ्यांना हे ठाऊक आहे. म्हणून हा विलंब 20 मिलिसेकंदांच्या आत हवा, असा या क्षेत्रातला ढोबळ संकेत आहे.

सेकंदाला 90 चित्रे दाखवायची, तरी एका चित्राच्या वाट्याला 11 मिलिसेकंद येतात. त्यावर अभियंत्यांनी युक्ती काढली. तयार चित्र पडद्यावर जाण्याच्या अगदी आधी डोक्याची ताजी स्थिती घ्यायची आणि चित्र तेवढे सरकवायचे. युक्ती नामी, पण मुख्यतः मान वळण्यापुरती. रुग्ण पुढे झुकला, हात उचलला, तर ती अपुरी पडते. आणि आमचे व्यायाम नेमके तेच असतात.

या रुग्णांचा तोल आधीच डळमळीत. त्यांना भोवळ आली, तर दोष आजाराच्या माथी जातो, यंत्राची चौकशी कोणी करत नाही. आमच्या खरेदीच्या कागदांत स्पष्टतेचा रकाना आहे, विलंबाचा नाही. तो आधी घालावा. आणि पहिला हेडसेट खरेदी समितीने स्वतः घालून, वाकून, उठून पाहावा, निदान अर्धा तास.