सह्याद्रीचे नकाशे आणि डोंगरी शेतकरी

तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारें १,५०० किलोमीटर पसरलेला सह्याद्रि आज जितका मोजला जात आहे, तितका पूर्वीं कधींहि मोजला गेला नव्हता. उपग्रह आकाशांतून त्याचीं चित्रें घेतात. भूवैज्ञानिक त्याचे कडे व उतार तपासतात. महसूल मंडळांतील स्वयंचलित यंत्रें पाऊस मोजतात. आणि प्रत्येक गटाची हद्द भूमि अभिलेख खात्याच्या दप्तरीं आहे. ही माहिती बव्हंशीं सार्वजनिक पैशानें जमलेली असून तिचा बराच भाग इंटरनेटवर ठेवलेलाहि आहे. असें असतां, ज्या शेतकऱ्याच्या जमिनीविषयीं ती आहे, त्यास ती वेळेवर, त्याच्या भाषेंत व त्याच्या गट नंबराप्रमाणें मिळत नाहीं. हा विषय तज्ज्ञांवर सोंपवून स्वस्थ बसण्यासारखा नाहीं, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नकाशा ही आपणांस नवी वस्तु नव्हे. १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पद्धतीची जमाबंदी सुरू झाली, तेव्हांपासून ३३ फुटांची साखळी या प्रांतीं परिचयाची आहे. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर, हा हिशेब लहान मुलासहि ठाऊक असतो. त्या मोजणीचा मोठा गुण असा कीं, कागदावरील नंबर व बांधावरील दगड यांचा मेळ घालतां येत असे. आमचें आयुष्य महसूल दप्तरांत गेलें असल्यामुळें आम्ही हें अनुभवानें सांगूं शकतों कीं, ज्या नकाशावरून जाग्यावर जाऊन दगड दाखवितां येत नाहीं, त्या नकाशानें एकहि वाद तुटत नाहीं. हल्लींचे नवे नकाशे पुष्कळ गोष्टींत सरस आहेत. परंतु नेमका हा मेळ त्यांत तुटला आहे.

याचें पहिलें उदाहरण पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचें. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें आपला अहवाल ऑगस्ट २०११ मध्यें केंद्र सरकारास सादर केला; परंतु तो लोकांसमोर आला मे २०१२ मध्यें, आणि तोहि माहितीच्या अधिकाराखालीं मागणी होऊन प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. मधल्या काळांत डोंगरांतील लोकांस जें कळलें तें ऐकीव. पुढें कस्तुरीरंगन समितीनें २०१३ सालीं गांव हा घटक धरला. ज्या गांवाचें २० टक्के किंवा अधिक क्षेत्र संवेदनशील ठरलें, तें सबंध गांव यादींत घालण्यांत आलें. त्यासाठीं वापरलेल्या उपग्रहचित्रांत एक ठिपका २४ मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारें पावणेसहा गुंठ्यांचा होता. आतां गांवच्या कोणत्या गटांमुळें हा पांचवा हिस्सा भरला, तेथें खरोखर रान आहे कीं कोणाची काजूची बाग आहे, हें नुसत्या यादीवरून समजत नाहीं. मसुद्याची सहावी अधिसूचना ३१ जुलै २०२४ रोजीं निघाली. तिच्यांत महाराष्ट्राचें सुमारें १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होतें, आणि हरकतीस मुदत ६० दिवसांची होती. राजपत्र हिंदी-इंग्रजींत, आणि दिवस भातलावणीचे! ज्यास आपला गट नकाशावर सांपडत नाहीं, त्यानें हरकत कशाच्या आधारें घ्यावी? त्याचप्रमाणें, ज्यास आपल्या गांवचें रान राखावयाचें आहे, त्यानें संमति तरी कशाच्या आधारें द्यावी? आम्ही येथें क्षेत्राच्या बाजूनें वा विरुद्ध बोलत नाहीं. दोन्ही पक्षांस पुरावा एकच लागतो, एवढेंच आमचें म्हणणें.

दुसरें उदाहरण याहून भयंकर आहे. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव दरडीखालीं गेला व १५१ माणसें मृत्यु पावलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांत तळिये येथें ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडीवर डोंगर कोसळला. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादींत नव्हती, असें सरकारतर्फे विधानसभेंत सांगण्यांत आलें. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें देशांतील दरडप्रवण प्रदेशाचे नकाशे करून ते ‘भूकोश’ या संकेतस्थळावर ठेविले आहेत, ही स्तुत्य गोष्ट होय. परंतु त्यांचें प्रमाण ५० हजारास एक, म्हणजे एका सेंटिमीटरांत अर्धा किलोमीटर. एक एकराचें शेत त्यावर सव्वा मिलिमीटरांत मावतें. त्यावरून तालुक्यास धोका समजतो, वाडीस समजत नाहीं. उलट, कोणत्या उताराला भेग पडली, कोणता झरा यंदा भलत्याच जागीं फुटला, हें वाडीच्या माणसास ठाऊक असतें. पण तें नोंदविण्यास नकाशावर त्याच्यासाठीं जागा नाहीं. दोन्ही ज्ञानें एकत्र आलीं तरच त्यांचा उपयोग.

तिसरी अडचण तुकड्यांची. डोंगर एक, पण राज्यें सहा आणि खातीं अनेक. पाऊस महाबळेश्वर-कोयनेच्या माथ्यावर पडतो, पूर सांगलीस येतो आणि पाणी पुढें कर्नाटकांत अलमट्टीस जातें; ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत हें सर्वांनीं पाहिलें. माथ्यावरचे आंकडे खालच्या शेतकऱ्यास घरबसल्या एका ठिकाणीं दिसावेत, ही मागणी अवाजवी नाहीं. हिंदुकुश-हिमालयाकडे पाहा. १९८३ सालीं काठमांडू येथें स्थापन झालेल्या ‘इसिमोड’ या संस्थेंत भारत, चीन, पाकिस्तान, नेपाळ धरून आठ देश सभासद आहेत. इतर बाबतींत त्यांचें कितीहि वितुष्ट असो, हिमनद्या, हिमसरोवरें व जमिनीचा वापर यांची पुष्कळशी माहिती ही संस्था एका भांडारांतून इंटरनेटवर सर्वांस देते. आठ देशांच्या डोंगरास जें साधलें, तें एकाच देशांतील सहा राज्यांच्या डोंगरास कां साधूं नये?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला गुप्ततेचा. त्यास उत्तर केंद्र सरकारनेंच दिलें आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनीं भारतीय व्यक्ति व संस्था यांस नकाशे करण्यास पूर्वपरवानगीची अट राहिली नाहीं, आणि २०२२ च्या राष्ट्रीय धोरणानें तीच दिशा पक्की केली. दुसरा आक्षेप असा कीं, माहिती खुली झाल्यास जमिनीचे दलाल तिचा फायदा घेतील. ही भीति खोटी नव्हे. परंतु दलालापाशीं ही माहिती आजहि असते, नसते ती विकणाऱ्याजवळच. तथापि सर्वच उघडें करावें, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. दुर्मिळ औषधी वनस्पतींच्या जागा, देवराईंतील खुणा, घरोघरचा कर्जबोजा, या गोष्टी नकाशावर मांडण्यापूर्वीं ग्रामसभेची संमति असावी. जमिनीचा उतार, पाणी, पाऊस व सरकारनें ओढलेली प्रत्येक रेषा मात्र झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

महाराष्ट्रांत सात-बारा मोबाइलवर दिसतो. गांवनकाशाहि ‘महाभूनकाशा’वर गट नंबर घालून पाहतां येतो. म्हणजे निम्मा पूल बांधून तयार आहे. याच गटनकाशावर दरडीचा, संवेदनशील क्षेत्राचा व पूररेषेचा थर मराठींत चढवावा. तसें करतांना त्या थराचें प्रमाण किती स्थूल आहे, हेंहि स्पष्ट लिहावें. आणि हरकतीची मुदत तो थर गांवांत लागल्या दिवसापासून मोजावी, अशी आमची सूचना आहे.

परंतु केवळ सरकारकडे बोट दाखवून भागणार नाहीं. २००४ सालीं सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर कोणासहि आपली वाडी, पायवाट व पाणवठा विनामूल्य नोंदवितां येतो. हायस्कुलांतील मुलें व गांवचीं जाणतीं माणसें यांनीं मिळून चार सुट्ट्यांत एका गांवचें काम पुरें करावें. संस्थेच्या प्रत्येक शाखेनें पावसाळ्यापूर्वीं एक दिवस ठरवून आपल्या गांवचे उपलब्ध नकाशे सर्वांसमोर उघडावेत, चुकलेल्या हद्दी व राहिलेल्या वाड्या लिहून काढाव्यात, आणि ती यादी तहसीलदारांकडे पोंच घेऊन द्यावी. वाडीचें नांव नकाशावर नसेल, तर संकटाच्या रात्रीं तिचा शोध कोणी व कोठें घ्यावा, याचा विचार आपण आधींच केलेला बरा.