हौसाताईंची नोंद ॲन आर्बरमध्येही हवी

१५ ऑगस्टच्या कार्यक्रमाची आखणी करण्याआधी इथल्या मराठी कुटुंबांपुढे हे मुद्दे ठेवते.

१. या गावाचं आपल्या स्वातंत्र्यलढ्याशी जुनं नातं आहे. जेबेझ संडरलँड इथल्या युनिटेरियन चर्चचे धर्मोपदेशक. १८९५ च्या पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाला ते हजर होते. पुढे त्यांच्या ‘इंडिया इन बाँडेज’वर इंग्रज सरकारने बंदी घातली. त्यांची कागदपत्रं मिशिगन विद्यापीठाच्या बेंटली ग्रंथालयात जपलेली आहेत.

२. हौसाताई पाटलांचं काम मात्र कागदावर उरण्यासारखं नव्हतंच. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या लेकीचा जन्म १९२६ चा. इंग्रजांनी घर आणि जमीन जप्त केली, ते त्यांनी लहानपणीच सोसलं. १९४३ मध्ये सांगलीकडच्या भवानीनगरला पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग रचलं गेलं. सोंग खरं वाटावं म्हणून हौसाताईंनी खराखुरा मार खाल्ला. शिपाई सोडवायला धावले, तेवढ्यात तुफान सेना या भूमिगत क्रांतिकारकांच्या दलातल्या साथीदारांनी आतल्या बंदुका उचलल्या. नवऱ्याचा मार खाणारी बाई शिपायांच्या रोजच्या पाहण्यातली. सरकारशी लढणारी बाई त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. डाव साधला तो त्यामुळेच. वर्षभरात याच हौसाताईंनी गोव्यात मध्यरात्री लाकडी पेटीच्या आधाराने मांडवी ओलांडली.

३. केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत तुरुंगवास, भूमिगत राहणं अशा गोष्टींचा पुरावा लागतो. स्त्रियांना तुरुंगवासाची अट सहाऐवजी तीन महिन्यांची. सवलत रास्तच, पण जी कधी सापडलीच नाही तिने दाखला कुठून आणायचा? न सापडणं हेच तर तिचं कसब होतं.

४. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या. त्यांची हकिगत आपल्यापर्यंत पोचली, कारण पत्रकार पी. साईनाथांसारख्यांनी समोर बसून ती ऐकली. उन्हाळ्यात इथे लेकीकडे, मुलाकडे राहायला येणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या आज्यांनी आपल्या आई-सासूकडून बरंच ऐकलेलं असतं. ते मराठीतच ध्वनिमुद्रित करावं आणि गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ते जतन करावं, अशी मागणी आपण एकत्र करू.

५. विचारताना ‘तुमच्या घरातलं कोणी तुरुंगात होतं का?’ इथे थांबू नये. रात्री जास्तीच्या भाकरी कोणासाठी थापल्या जात, निरोप कोण नेत असे, पोलीस आल्यावर दारात कोण उभं राहत असे, हेही विचारावं.