यंत्रातले आकाश

जमिनीवर बसून विमान चालविण्यास शिकता येते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते. एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाने १९२९ साली तसे यंत्र बनविले. त्यात आकाश नव्हते; शिकणाऱ्यावर झाकण घालीत व तो केवळ तबकड्यांकडे पाहून सराव करी. आजच्या सिम्युलेटरच्या पडद्यावर मात्र ढग, सूर्य, क्षितिज असे सारे काही दिसते. परंतु हे आकाश नुसते सुंदर असावे की खरे असावे?

कित्येक म्हणतात, वर निळा रंग भरला आणि एक पिवळा गोळा काढला म्हणजे झाले. तथापि आकाश म्हणजे रंगविलेले छत नव्हे. सूर्यप्रकाश हवेत विखुरतो. त्यातील निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरतो, म्हणून आकाश निळे दिसते. सायंकाळी किरणांना हवेच्या फार जाड थरातून यावे लागते. निळा प्रकाश वाटेतच पांगतो आणि सूर्य तांबूस होतो. धूळ व बाष्प वाढले की क्षितिज पांढुरके पडते. लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली विखुरण्याचा नियम मांडला. संगणकाने हेच गणित केले, तर सकाळ आणि संध्याकाळ निरनिराळी रंगवावी लागत नाही. ती आपोआप उमटते.

काही खेळांत सूर्यापुढे रंगीत वर्तुळांची माळ दाखवितात. ती वर्तुळे कॅमेऱ्याच्या भिंगात उत्पन्न होतात. वैमानिकाच्या नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. त्याचे डोळे दिपतात आणि समोरची धावपट्टी दिसेनाशी होते. कोणताही पडदा सूर्याइतका तेजस्वी होणार नाही, हे खरे; पण म्हणून शोभेसाठी खोटे दाखविणे योग्य ठरत नाही.

१९९९ च्या जुलैत धाकटे जॉन केनेडी यांचे विमान अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ रात्री समुद्रात कोसळले व तिघे प्राणास मुकले. अंधार व धुरकट हवा यांमुळे वैमानिकाचे दिशाभान सुटले, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. ज्याने यंत्रात सदैव स्वच्छ क्षितिजच पाहिले, त्याला हरवलेल्या क्षितिजाची ओळख कोठून होणार?

जेथे चुकल्याने कोणाचा प्राण जात नाही, तेथेच चुकून शहाणे व्हावे, यासाठी हे यंत्र आहे. मग त्यातले आकाश फसवे असून कसे चालेल?